शहाद्याहून पवईकडे जाणारी वाट

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, आणि तेव्हापासून ग्रामीण भागातील शाळकरी मुलांना अवकाश केंद्रे दाखवून आणण्याच्या योजनांना मोठाच बहर आला आहे. परीक्षा घ्यायची, गुणवंत निवडायचे, त्यांना श्रीहरिकोट्याला किंवा थुंब्याला न्यायचे आणि परतल्यावर पुढाऱ्यांच्या हस्ते सत्कार करायचा, असा हा कार्यक्रम. पुणे जिल्हा परिषदेने तर निवडक मुलांना नासा दाखवण्याची योजना आखली. या उपक्रमांची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या मुलाने कधी आगगाडी पाहिलेली नाही त्याने विमानात बसावे, अग्निबाण जवळून पाहावा, यात वाईट काय आहे? प्रश्न एवढाच की, सहलीहून परतलेल्या मुलाने आपल्या शिक्षकाला विचारले, "गुरुजी, हे शिकायचे असेल तर काय करावे लागते?" तर त्याला खरे उत्तर काय द्यावे?

हा प्रश्न तोरणमाळला विचारून पाहण्यासारखा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. शहाद्याहून म्हसावदमार्गे निघालेली गाडी सातपायरीचा घाट चढून यशवंत तलावाशी पोहोचते. पर्यटकांना तेथे थंड हवा, गोरखनाथाचे मंदिर आणि सीताखाईची दरी दिसते. सभोवारच्या पाड्यांतून पावरा व भिल्ल समाजाची वस्ती आहे. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास भरली. महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत ती सर्वांत कमी होती. अशा या तोरणमाळला जिल्हा परिषदेची निवासी शाळा उभी राहिली आणि तिच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द घालण्यात आला. ज्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाचा त्या काळी एवढा गाजावाजा झाला ते मंडळ सरकार बदलताच गुंडाळले गेले. पाटीवरचे शब्द येतात आणि जातात. गणिताचा शिक्षक आला की नाही आणि आला तर टिकला की नाही, हे पाटीवर लिहिलेले नसते.

वस्तुतः हवेचे शास्त्र शिकवायला तोरणमाळसारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. विमानविद्येच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाचा आरंभ वातावरणाच्या प्रकरणाने होतो: उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. शहाद्याच्या सपाटीवरून तोरणमाळला चढणाऱ्या प्रत्येक माणसाने ते साडेसहा अंश अंगावर घेतलेले असतात. वरची हवा खालच्या हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ दाबाची. म्हणून तेथे पाणी शंभराऐवजी शहाण्णव अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ शिजायला वेळ लागतो. हे तेथील प्रत्येक बाईला चुलीपाशी ठाऊक आहे. सीताखाईच्या कड्यावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर घार पंख न हलवता तासचे तास तरंगते. तिच्या पंखाखाली आणि पंखावर काय घडते, ते उत्थापन म्हणजे काय, हे समजावून सांगणारा एक जाणता शिक्षक आणि एक साधा वायुभारमापक एवढ्या भांडवलावर हा पाठ सुरू होऊ शकतो. परंतु शिक्षक आणि उपकरण या दोन्ही गोष्टी सरकारी खर्चाच्या आहेत, आणि सहलीचे छायाचित्र वृत्तपत्रांत जसे येते तसे वायुभारमापकाचे येत नाही.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. हवाई व अंतराळ अभियांत्रिकी ही पदवी चार वर्षांची. पहिल्या वर्षी कलन, रेषीय बीजगणित, भौतिकी, रसायन. पुढे वायुगतिकी, विमानाच्या सांगाड्याचे बळ, इंजिनाचे प्रणोदन, उड्डाणाचे यंत्रशास्त्र आणि नियंत्रण. यांत गूढ काही नाही. ज्याचे गणित पक्के आहे तो हे शिकू शकतो आणि ज्याचे कच्चे आहे तो दुसऱ्याच महिन्यात बुडू लागतो. महाराष्ट्रात या शिक्षणाचे सर्वांत प्रतिष्ठित स्थान म्हणजे पवईची आयआयटी. सोविएत संघाच्या व युनेस्कोच्या साहाय्याने १९५८ साली ती स्थापन झाली. प्रजासत्ताकाने आपल्या गरिबीतून जी मोजकी मोठी कामे उभारली त्यांपैकी हे एक होते, आणि त्याबद्दल समाजवाद्यांनी अभिमानच बाळगला पाहिजे. त्या संस्थेचा प्रत्येक पंखा, प्रत्येक वातविवर सार्वजनिक पैशाने फिरतो. ज्या कुटुंबाने कधी प्राप्तिकर भरला नाही तेही कुटुंब मीठमिरची आणि काडेपेटी विकत घेताना अप्रत्यक्ष कराच्या रूपाने तो पैसा भरत असते. तेव्हा त्या वर्गात कोण बसते, हे विचारण्याचा अधिकार तोरणमाळच्या पाड्यालाही आहे.

कागदावर पाहिले तर दार सताड उघडे दिसते. अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव आहेत. २०१६ साली शिक्षणशुल्क वर्षाला ९० हजारांवरून दोन लाखांवर नेण्यात आले. पण त्याच वेळी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ ठेवण्यात आले. एक लाखाहून कमी उत्पन्नाच्या कोणत्याही कुटुंबाला ते माफ आहे. प्रवेशपरीक्षेत थोडक्यात मागे राहिलेल्या आदिवासी मुलांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी वर्गही संस्था चालवतात. या सवलती दीर्घ झगड्यांतून मिळाल्या आहेत आणि त्यांना धक्का लावणाऱ्याशी लढलेच पाहिजे. मात्र एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने एक हिशेब करून पाहावा. साठ जागांच्या वर्गात साडेसात टक्के म्हणजे साडेचार जागा. सबंध भारतातील आदिवासींसाठी पवईच्या एका शाखेत चार किंवा पाच. त्या चारपाच जागांवर कोणत्या प्रांतातील, कोणत्या घरातील मुले पोहोचतात? ज्यांच्या घरी एखादी नोकरी पूर्वीच आलेली आहे आणि ज्यांना शहरात ठेवून दोन वर्षे शिकवणी लावणे शक्य झाले आहे, तीच बहुधा पोहोचतात. त्यांचा त्यात दोष नाही. पण अक्राणीचा मजूर त्या रांगेत अजून उभाही राहिलेला नसतो.

कारण दाराच्या अलीकडे एक दुसरे दार आहे आणि त्याची किल्ली खासगी मालकीची आहे. आयआयटीची प्रवेशपरीक्षा नुसत्या बारावीच्या अभ्यासावर पार करणे जवळजवळ अशक्य झाले आहे, हे उघड गुपित आहे. राजस्थानातील कोटा, आपल्याकडील लातूर, नाशिक, पुणे येथे या परीक्षेच्या शिकवणीचा मोठा धंदा उभा राहिला. तेथे राहण्याजेवण्यासह दोन वर्षांना लाखांच्या घरात खर्च येतो. सार्वजनिक संस्थेचे शुल्क माफ, पण त्या संस्थेच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा रस्ता टोलचा, अशी ही व्यवस्था आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, सरकार पदवीवर जे अनुदान देते त्याचा मोठा वाटा आधीच शिकवणीवर गुंतवणूक करू शकणाऱ्या वर्गाच्या हाती पडतो.

आणि भाषा? मुख्य परीक्षेचा पहिला टप्पा २०२१पासून मराठीसह तेरा भाषांत देता येतो, हे चांगले झाले. परंतु दुसरा आणि निर्णायक टप्पा, ज्यावर आयआयटीचा प्रवेश ठरतो, तो इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होतो. येथे पक्षाच्या एका जुन्या घोषणेकडेही थोडे तपासून पाहिले पाहिजे. मातृभाषेतून शिक्षण म्हटले की पुण्या-मुंबईच्या सभांतून मराठी असा अर्थ घेतला जातो. पावरा मुलाची मातृभाषा पावरी आहे. पहिलीच्या वर्गात तो पाऊल टाकतो तेव्हा मराठी ही त्याला परकीच भाषा असते. ती शिकता शिकता प्राथमिक शाळा संपते, विज्ञान समजू लागण्याच्या वयात इंग्रजी पुढे येते आणि अखेरची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत. पुण्यातल्या मुलाने एक डोंगर चढायचा तेथे याने तीन चढायचे, आणि तरी घड्याळ दोघांचे एकच. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला त्याचे स्वागत करावे. मात्र तेवढ्याने सातपुड्यातील प्रश्न सुटेल असे मानू नये. पहिल्या दोनतीन इयत्तांत पावरीतून आणि भिलोरीतून गणित बोलणारा शिक्षक, हा त्या प्रश्नाचा खरा आरंभ आहे.

समजा, यातूनही एखादा मुलगा किंवा मुलगी पोहोचलीच. पुढे काय? डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी व आयआयएम यांतून इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती व जमाती यांचे मिळून १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून बाहेर पडले. त्यांत आयआयटी सोडणारे आदिवासी ४०८ होते. सरकारचे म्हणणे असे की, काहींनी अन्यत्र प्रवेश घेतला असेल. असेलही. परंतु ज्या जागेसाठी सारे कुटुंब पणाला लागते ती जागा चारशे आदिवासी मुले हौसेने सोडत नाहीत. वसतिगृहात गुणांच्या क्रमांकावरून जात ओळखण्याची रीत आहे, हे तेथील विद्यार्थी संघटनांनी अनेकदा मांडले आहे. त्याचा बंदोबस्त परिपत्रकांनी होत नाही.

या ठिकाणी शहाद्याच्या चळवळीची आठवण होणे अपरिहार्य आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतमजूर उठले, सावकारांनी व बड्या शेतकऱ्यांनी लाटलेल्या जमिनी परत मागू लागले आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्या लढ्यात सामील होण्यासाठी जे सुशिक्षित तरुण शहरांतून आले त्यांत कुमार शिराळकर होते. पवईच्या आयआयटीतून अभियंता होऊन बाहेर पडलेल्या या तरुणाने कारखान्याची वा परदेशाची वाट न धरता शहादा-तळोद्याची वाट धरली आणि २०२२ साली निधन होईपर्यंत ती सोडली नाही. पुढे त्यांचा पक्ष वेगळा झाला, त्यांच्याशी मतभेद झाले. परंतु त्या त्यागाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पवईहून शहाद्याला माणूस आला, तो असा. त्याला आता अर्धशतक उलटून गेले. शहाद्याहून पवईला जाणारी वाट मात्र या अर्धशतकात कोणी बांधली नाही. सरकारने नाही, आणि स्पष्ट सांगायचे तर चळवळीनेही तिचा आग्रह पुरेसा धरला नाही. जमीन, मजुरी, जंगल यांची निकड एवढी होती की शाळेतील गणिताचा तास हा लढ्याचा विषय वाटला नाही. त्याला अपवाद नर्मदेच्या काठचा. बुडिताशी झुंजणाऱ्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे जीवनशाळा काढल्या, आपल्या भाषेतून मुले शिकवली आणि सरकारी शाळा कागदावरच चालत होती हे उघडे पाडले.

मुलांच्या अंगी कुवत नाही, असे आता उघडपणे कोणी म्हणत नाही; मनात पुष्कळ जण म्हणतात. त्यांना एकच उदाहरण पुरे व्हावे. साक्री तालुक्यातील सामोड्याच्या एका भिल्ल घरातील मुलगा अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकला, मुंबईत डॉक्टर झाला आणि पुढे नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून त्याच जिल्ह्यात आला. डॉ. राजेंद्र भारूड यांचे कौतुक सर्वांनी केले. कौतुकापलीकडची गोष्ट ही की, नवोदय ही पूर्णतः सरकारी, निवासी, शिक्षकांनी भरलेली शाळा आहे. जेथे सरकारने खर्च करायचे मनावर घेतले तेथे फळ आले. महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत. त्यांच्यावर तसा खर्च करण्याऐवजी २०२५ साली शिक्षकांची पदे बाह्यस्रोताने, म्हणजे सरळ मराठीत ठेकेदारामार्फत, भरण्याचा घाट घालण्यात आला आणि वर्षानुवर्षे रोजंदारीवर शिकवणाऱ्यांना नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसावे लागले. एकीकडे मुलांना अग्निबाण दाखवायचा आणि दुसरीकडे त्यांच्या शिक्षकाला ठेक्यावर लावायचे, ही दोन्ही कामे एकच सरकार करते.

दुसरी वाट असू शकते हे दाखवायला तामिळनाडू पुरेसे आहे. मद्रासजवळ क्रोमपेट येथे सी. राजम यांच्या देणगीतून १९४९ साली मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली आणि आरंभापासूनच तेथे हवाई अभियांत्रिकी शिकवली जाऊ लागली. रामेश्वरमच्या अब्दुल कलामांना पन्नासच्या दशकात तेथे प्रवेश मिळाला तेव्हा भरावयाचे सुमारे हजार रुपये घरात नव्हते. बहिणीने सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. ही कथा भाषणांतून फार ऐकवली जाते, आणि तिचे तात्पर्य जिद्द असे सांगितले जाते. खरे तर ती एका अन्यायाची कथा आहे. ज्यांच्या बहिणीकडे बांगड्या नव्हत्या असे किती कलाम मासेमारी करीत राहिले, याची नोंद कोठे नाही. पुढे १९७८ साली ती संस्था सरकारी अण्णा विद्यापीठात विलीन झाली. कन्याकुमारी जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा के. शिवन सरकारी तमिळ शाळेत शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन, १९८० साली तेथूनच हवाई अभियंता झाला आणि २०१८ ते २०२२ इस्रोचा अध्यक्ष होता. पवईने त्याला डॉक्टरेट दिली ती २००६ साली. त्याला पहिले दार उघडून देणारी संस्था राज्याची होती.

त्या राज्याने याहूनही पुढचे पाऊल टाकले. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला २००७पासून तेथे स्वतंत्र प्रवेशपरीक्षा नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो, म्हणजे शिकवणीच्या धंद्याची एक मुळी तोडली गेली. २०२१ साली कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी अभियांत्रिकीसह व्यावसायिक अभ्यासक्रमांत साडेसात टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या आणि त्यांचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च सरकारने उचलला. हा जातीच्या आरक्षणाला पर्याय म्हणून आणलेला नाही, त्याच्या आत बसवलेला आहे. शाळा कोणाची, हा निकष लावल्याबरोबर शिकवणीचा पैसा निरुपयोगी ठरतो आणि सरकारी शाळेला प्रतिष्ठा येते. तेथील पक्षांविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. या बाबतीत त्यांनी समाजवादी काम केले आहे.

आणि महाराष्ट्र? १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना निघाला. आज तेथे सुखोई जातीची विमाने हाताळली जातात. साठ वर्षे खानदेशच्या दारात लढाऊ विमाने बनत आहेत. पण पुणे, कराड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत हवाई अभियांत्रिकीची पदवी शाखा रुजवावी असे एकाही राज्य सरकारला सुचले नाही. केंद्राच्या पवईवर भिस्त ठेवायची आणि उरलेले क्षेत्र खासगी महाविद्यालयांना मोकळे सोडायचे, हे धोरण. त्याऐवजी या राज्याने अभिमान कशाचा बाळगला? १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवल्याच्या आख्यायिकेचा, जिला समकालीन भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा तिच्याशी संबंध जोडला जातो त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या पाचांत एक देशपांडेही होते, हे अस्मितावाद्यांनी ध्यानात ठेवावे. असो.

पक्षातही एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. जेथे आजारी बाई बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवावी लागते, जेथे कुपोषणाने मुले दगावतात, तेथे अग्निबाणाची विद्या हा चैनीचा विषय नव्हे काय? आक्षेप मनापासूनचा आहे, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे: ही विद्या दुसऱ्यांची, आदिवासींचा तिच्याशी संबंध नाही. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. श्रीहरिकोट्याचे प्रक्षेपण केंद्र ज्या बेटावर उभे राहिले तेथे यानादी आदिवासी राहत होते. देशाच्या पहिल्या पंक्तीच्या अग्निबाणांसाठी जंगल व जमीन त्यांची गेली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली, ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील. महाराष्ट्राच्या वाट्याची २७ टक्के वीज मात्र त्या डोंगरांसाठी नव्हती. मोठ्या तंत्रविद्येचा खर्च आदिवासींनी आधीच भरलेला आहे.

त्याहून रोजचा संबंध वनहक्काचा. २००६च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. तो दावा मानायचा की फेटाळायचा हे ठरवताना उपग्रहाने टिपलेली चित्रे पुढे ठेवली जातात. २०१२ साली नियमांत दुरुस्ती करून हे स्पष्ट केले गेले की, अशी चित्रे पूरक पुरावा आहेत, दुसऱ्या पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. दुरुस्ती चांगली, पण समितीपुढे अधिकारी पडद्यावर चित्र दाखवून म्हणतो की, येथे तर नुसते जंगल दिसते, तेव्हा झाडांखालची नागली किंवा उताराची तिरकी सावली त्या चित्रात कशी हरवते, हे त्याला त्याच्याच भाषेत सुनावणारा कोणी समोर नसतो. माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन आकाशातून पाहून ठरवली जाते आणि त्याच्या साऱ्या तालुक्यात ते चित्र कसे काढले गेले हे जाणणारा एकही आपला मनुष्य नसावा, ही स्थिती भुकेच्या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाही. सातबारा वाचता येत नव्हता तेव्हा जमिनी गेल्या. आता उपग्रहाचे चित्र वाचता येत नाही.

दुसऱ्या बाजूने, ही विद्या ज्यांना सार्वजनिक खर्चाने मिळते त्यांचे काय होते तेही पाहावे. पवईचे संचालक राहिलेले सु. पां. सुखात्मे यांनी सहकाऱ्यासह १९८७ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, १९७३ ते १९७७ या काळात पवईतून बाहेर पडलेल्या पदवीधरांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशात स्थायिक झाले होते. आता परदेशी न जाताही देशाबाहेर जाता येते. संगणकाच्या वा शेअरबाजाराच्या हिशेबी कामात शिरले की झाले. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ साली जाहीरपणे सांगितले की, भरतीसाठी पथक आयआयटीत गेले तेव्हा पगाराचा तक्ता पाहून ६० टक्के मुले उठून निघून गेली. सोमनाथ स्वतः कोल्लमच्या टीकेएम महाविद्यालयातून आलेले. त्या मुलांना देशद्रोही ठरवण्यात अर्थ नाही. जेथे शिकवणीवर लाखो रुपये भांडवल म्हणून ओतले जातात तेथे व्याजासह वसुली होणारच. पण मग इतक्या मोलाच्या जागा निवडीच्या ज्या पद्धतीने वाटल्या जातात, ती पद्धत राष्ट्राच्या दृष्टीनेही फायद्याची नाही, हे उघड आहे. थिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाने २००७ साली स्वतःची पदवी संस्था काढली आणि पहिल्या तुकड्यांचा शिक्षणखर्च सरकारने उचलून त्यांना इस्रोत कामावर घेतले, ते याच अनुभवातून.

तेव्हा मागणी काय करायची? राज्य सरकारने खानदेशात, जळगावच्या शासकीय महाविद्यालयात किंवा ओझरच्या आसपास, हवाई अभियांत्रिकीचा स्वतःचा पदवी वर्ग काढावा आणि ओझरच्या कारखान्यात त्याची प्रात्यक्षिके व्हावीत. सर्व शासकीय अभियांत्रिकी जागांत जिल्हा परिषद, नगरपालिका व आश्रमशाळांत शिकलेल्या मुलांसाठी, प्रत्येक प्रवर्गाच्या आत, तामिळनाडूच्या धर्तीवर वेगळा वाटा असावा. आयआयटीच्या निर्णायक परीक्षेचा पेपर मराठीसह सर्व भाषांत मिळावा, आणि पूर्वतयारीचा वर्ग एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा करून तो पवईत न ठेवता नंदुरबार, पालघर, गडचिरोली येथे आणावा. नाशिक जिल्हा परिषदेने 'सुपर फिफ्टी'च्या नावाने पन्नास मुलांची सोय केली, ती कौतुकास्पद आहे. पन्नासांवर थांबलेली सोय ही पुन्हा एक सहलच, थोडी लांबची.

या मागण्या मंत्रालयात जाण्यापूर्वी जिल्हा शाखांनी करण्याजोगे एक लहान काम आहे. अक्राणी, अक्कलकुवा आणि तळोदा या तीन तालुक्यांचा कारभार तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. तेथील आश्रमशाळांत गणित व विज्ञान शिक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील ठेक्यावर किती, आठवीच्या पुढे प्रयोगशाळा कोणत्या शाळेत आहे आणि गेल्या पाच वर्षांत प्रत्येक शाळेतून बारावी विज्ञान किती मुले-मुली उत्तीर्ण झाल्या, एवढे पाच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे. आलेली यादी शाळावार छापून तोरणमाळ, धडगाव, मोलगी आणि अक्कलकुवा येथील आठवडी बाजारांत वाटावी, आणि ग्रामसभांत मोठ्याने वाचून दाखवावी. पावरीत आणि भिलोरीत.